रुमालाखालची बोटे

माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. शाळेत गणित शिकवतो ते अपूर्णांक आणि सरळव्याजापर्यंत, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने विजेच्या बाजाराविषयी चार शब्द लिहावेत हे खुद्द मलाच धारिष्ट्याचे वाटते. परंतु गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो असता माझ्या भाच्याने आपल्या लॅपटॉपवर मला एक खेळ दाखवला, आणि वीस वर्षांपूर्वी माझ्या हातून घडलेला एक अन्याय त्या खेळाने पुन्हा माझ्यासमोर आणून उभा केला. तेव्हा लिहिणे भाग आहे.

हा भाचा पुण्याला वीजबाजाराचे आडाखे बांधणाऱ्या एका कचेरीत आहे. जेवणे आटोपली, विडे झाले, आणि मी त्याला विचारले, "तू तिथं दिवसभर करतोस तरी काय?"

"मामा, मी खोटा बाजार भरवतो," तो म्हणाला.

आधी खरा बाजार सांगितला पाहिजे. वीज हा मोठा विचित्र जिन्नस. कांदा चाळीत ठेवता येतो, ज्वारी कणगीत भरता येते. वीज मात्र, थोडीफार बॅटरीत साठवली तरी, बहुतेक सारी ज्या क्षणी लागते त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. आपल्या देशात 2003 साली नवा वीज कायदा झाला आणि 2008 पासून विजेची खरेदी-विक्री बाजारातही होऊ लागली. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यासाठी विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी आज आपापले भाव गुपचूप कळवायचे, आणि जिथे मागणी भागेल तिथला भाव सर्वांना सारखा लागू करायचा, अशी त्याची रीत आहे.

शाळामास्तराला उदाहरणाशिवाय करमत नाही. समजा, एका गावाला तासाला 190 युनिटे हवी आहेत. वीजकेंद्रे तीन, प्रत्येकाची ताकद 100 युनिटांची. पहिले 3 रुपयांनी द्यायला तयार, दुसरे 4 रुपयांनी, तिसरे जुने आणि खर्चीक म्हणून 9 रुपयांनी. स्वस्तापासून घेत गेले की पहिल्या दोघांतच गरज भागते आणि भाव ठरतो 4. ही दोन केंद्रे एकाच धन्याची असली तर त्याच्या पदरात 760 रुपये पडतात. आता ह्या धन्याने, यंत्र बिघडल्याचे सांगून, दुसऱ्या केंद्रातली 20 युनिटे मागे ठेवली. मग 10 युनिटे तिसऱ्याकडून घ्यावी लागतात आणि भाव सर्वांनाच 9 होतो. धनी विकतो 180 युनिटे आणि मिळवतो 1620 रुपये. कमी विकायचे आणि दुपटीहून अधिक कमवायचे! माझा विश्वास बसेना, म्हणून मी हे गणित वर्तमानपत्राच्या कडेवर दोनदा करून पाहिले.

भाच्याच्या खोट्या बाजारातले धनी माणसे नव्हती. ते सॉफ्टवेअरचे एजंट होते. एजंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचा अडत्या आला, पान खाणारा, कानाशी लागणारा. ह्या एजंटांना कान नव्हते. त्यांना एवढेच सांगितलेले की, रोज एक भाव मागून पाहा, नफा अधिक पडला तर ती गोष्ट लक्षात ठेव, कमी पडला तर सोडून दे. सुरुवातीला ते आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरांसारखे चाचपडत होते. हजारो दिवस काही मिनिटांत सरले, आणि पडद्यावरची भावाची रेषा हळूहळू चढू लागली. चढली आणि वरच राहिली.

"ह्यांनी आपसात संगनमत केलं म्हणायचं," मी म्हणालो.

"बोलायची सोयच ठेवलेली नाही, मामा. कुणीच कुणाला काही सांगितलेलं नाही."

लहानपणी मी वडिलांबरोबर गुरांच्या बाजाराला जात असे. तिथे दलाल रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. आपल्याला ऐकू येत नसले तरी तिथे बोटे असतात, हे मला पक्के ठाऊक झाले होते. इथे रुमाल नव्हता आणि बोटेही नव्हती. आणि भाच्याचे ते शेवटचे वाक्य मी पूर्वी एकदा, जवळजवळ शब्दशः, ऐकले होते.

मी नवा मास्तर होतो आणि नव्या मास्तराला असतो तेवढा उत्साह मला होता. सहावीच्या वर्गाला तासाच्या आरंभी दहा गणिते घालायची, आणि ज्याची आधी होतील त्याला आणखी पाच द्यायची, हा माझा नियम. हुशार मुलाचा वेळ फुकट जाऊ नये एवढाच त्यात हेतू. पहिल्या आठवड्यात चार-पाच मुले झटपट उरकीत. महिन्याभरात असे झाले की, घंटा होईपर्यंत चाळीसांपैकी एकाचेही संपेना. मला हा कट वाटला. आणि कट म्हटला की सूत्रधार हवा. मी मॉनिटरला उभे केले, कारण तो सगळ्यांत चलाख होता. "तूच शिकवलंस ना सगळ्यांना?" तो म्हणाला, "नाही गुरुजी. कुणीच कुणाला काही सांगितलेलं नाही." हे मला धडधडीत खोटे वाटले. मी त्याचे मॉनिटरपद काढून घेतले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले आणि वर्गासमोर त्याला लबाड म्हटले. वडील हमाली करीत. ते माझ्याकडे न पाहता मुलाकडे पाहत राहिले. पुढल्या वर्षी मुलगा आमच्या शाळेत नव्हता.

भाच्याला मी हे सांगितले नाही. तो आपल्या उत्साहात बोलत होता. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात ली टेस्फॅटसन ह्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक विजेचा प्रयोगबाजार उभारला, आणि 2007 च्या सुमारास त्यांनाही हेच दिसले: शिकणारी केंद्रे आपला खर्च आहे त्याहून जास्त सांगू लागतात. 2020 साली चार इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी भाव ठरवणाऱ्या एजंटांवर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात तर आणखी मौज आहे. त्यांनी मुद्दाम एका एजंटाला भाव उतरवायला लावले, तेव्हा दुसऱ्याने आपलाही भाव पाडून त्याला शासन केले, आणि थोड्याच फेऱ्यांत दोघे मुकाट्याने चढ्या भावाला परतले. वाळीत टाकणे आणि परत पंक्तीला घेणे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

तेव्हा मॉनिटर निर्दोष ठरला, असे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. परंतु असे मोकळे होण्याचे मला भय वाटते. कॅलिफोर्नियात 2000 आणि 2001 साली विजेचा भाव आभाळाला भिडला, शहरे पाळीपाळीने अंधारात गेली, आणि तिथली एक मोठी वीज कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिथे बोटे होती. एन्रॉनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या क्लृप्त्यांना गमतीची नावे ठेवली होती. लास व्हेगासच्या एका वीजकेंद्राला काहीतरी निमित्त काढून बंद ठेवा असे फोनवर सांगितल्याचे ध्वनिमुद्रण 2005 साली उजेडात आले. उद्या असाच अंधार पडला आणि कंपनीने हात वर करून सांगितले की, आम्ही काहीच केले नाही, आमचा एजंट आपणच शिकला, तर? धनी म्हणेल, मी यंत्रावर सोपवले. यंत्र करणारा म्हणेल, मी फक्त नफा वाढव एवढेच लिहिले. एजंटाला विचारावे तर त्याला लाज नाही, भीती नाही, रात्री झोप न लागण्याचीही सोय नाही. सगळ्यांचे हात धुतलेले, आणि बिल मात्र तुमच्या-आमच्या दारी.

तुम्ही म्हणाल, शेतकरीही भाव पडला की कांदा चाळीत ठेवतो. त्याला आपण चोर म्हणतो का? म्हणत नाही, आणि म्हणू नये. लाखांतल्या एकाने चार गोणी ठेवल्या म्हणून बाजार हलत नाही, आणि त्याचा कांदा त्याच्या डोळ्यांदेखत सडण्याची जोखीम त्याच्याच माथी असते. ज्याने हात आखडताच दवाखान्यातला दिवा मालवतो, त्याचा न्याय निराळा.

मला स्वतःला वाटते ते असे. दोष शोधायचा तर तो शिकणाऱ्यात नव्हे, कशाला शाबासकी द्यायची हे ज्याने ठरवले त्याच्यात आधी शोधावा. माझ्या वर्गात लवकर काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून अधिक काम मिळत होते. तो नियम माझा होता. त्या वेळी हे मला समजले नाही, एवढे तरी मी म्हणू शकतो. पण खोटा बाजार भरवून, कुणाच्याही घरचा दिवा न मालवता, नियमाचे फळ आधी पाहता येते, तिथे कायदा करणाऱ्याला आणि यंत्र बाजारात सोडणाऱ्या धन्याला "आम्हांला कल्पना नव्हती" हे म्हणता येणार नाही. त्या खेळाचा मला जो उपयोग दिसतो तो हा.

कादंबरीकारालाही हे लागू पडते, आणि ते मला जरा झोंबते. पात्रे माझे ऐकत नाहीत, ती आपल्याच मनाने वागतात, अशी फुशारकी मी सभांतून पुष्कळदा मारली आहे. एका वाचक बाईंनी कळवळून पत्र लिहिले होते की, त्या सुनेला तुम्ही विहिरीपर्यंत का नेलेत? मी उत्तर दिले, मी नाही नेले, परिस्थितीने नेले. ती परिस्थिती कोणी लिहिली होती, हे त्यांनी विचारले नाही.

भाऊबीजेनंतर आठ दिवसांनी मी तालुक्याच्या गावी गेलो. तो मॉनिटर तिथे विजेच्या सामानाचे दुकान चालवतो हे मला ठाऊक होते. इतकी वर्षे मी दुसऱ्या दुकानातून बल्ब घेत आलो. त्याने मला ओळखले, चहा मागवला. मी सगळे सांगितले, आणि माझे चुकले असेही म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कुणी सांगितलं नव्हतं हे खरंच, गुरुजी. पण माझी दहा गणितं अर्ध्या तासात व्हायची. मग मी शेजारच्याकडे बघायचो. त्याचं पेन चालू दिसलं की मीही कागदावर पेन फिरवत बसायचो."

"आणि तो?"

"तो माझ्याकडे बघत असणार." चहाचा पेला बाजूला ठेवून तो म्हणाला, "वडिलांना तेवढं कळायला हवं होतं. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

मी एक बल्ब मागितला. त्याने तो होल्डरमध्ये बसवून, पेटवून दाखवला, खोक्यात घातला आणि किंमत सांगितली. मी पैसे दिले. त्याने ते मोजून घेतले.