कॉफीच्या मगाएवढं मीठ

लहानपणी सांगलीला पावसाळ्यात आमच्या न्हाणीघरात गोगलगायी यायच्या. मी आणि माझा चुलतभाऊ त्यांच्यावर मीठ टाकायचो. फेस यायचा, अंग आक्रसायचं आणि आम्ही उकिडवे बसून बघायचो. एकदा आजीने पाहिलं. मिठाची बरणी काढून घेतली आणि म्हणाली, "तुझं काय खाल्लं होतं रे तिने?"

आता मी मिनियापोलिसला राहतो. इथे घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढणं घरमालकाचं काम. चार वर्षांपूर्वी आई आली होती, ती दारातच घसरली. मनगट मोडलं. त्यानंतर मी मिठाची पोती आणायला लागलो आणि बादलीने ओतायला लागलो.

बर्फ वितळला की ते मीठ गटारातून थेट ओढ्यात जातं. आमच्याकडे तो ओढा म्हणजे मिनेहाहा क्रीक. तिथल्या दगडांवर नखाएवढ्या गोगलगायी शेवाळ खरवडत असतात. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत राहतं आणि ती ते सतत बाहेर टाकत राहते. तिचा सगळा संसार या हिशेबावर चालतो. बाहेर मीठ वाढलं की हिशेब बिघडतो. ती लगेच मरत नाही. पण मीठ वाढतच गेलं तर तिची वाढ मंदावते, अंडी कमी होतात. फेस वगैरे काही येत नाही, बघण्यासारखं काहीच घडत नाही.

अमेरिकेने 1988 साली जलचरांसाठी मर्यादा ठरवली: दीर्घकाळ लिटरमागे 230 मिलिग्रॅम क्लोराइड, त्याहून जास्त नको. चहाच्या एका चमच्याएवढं मीठ साधारण 19 लिटर पाणी त्या मर्यादेला नेतं. आणि क्लोराइड कुजत नाही, उडून जात नाही.

न्हाणीघरात माझा हेतू वाईट होता. इथे तो चांगला आहे. हेतूवर पाप-पुण्य मोजायचं तर मी सुटलो. बरेच दिवस मी स्वतःला असंच सोडवत होतो: एकीकडे आई, दुसरीकडे गोगलगाय, यात विचारायचं काय?

मग कुठेतरी वाचलं, की फुटपाथच्या दहा फरश्यांना कॉफीच्या एका मगाएवढं मीठ पुरतं. शिवाय उणे दहाच्या खाली साधं मीठ जवळपास कामच करत नाही. मी तर उणे वीसच्या रात्रीही ओतत होतो! म्हणजे आईसाठी लागत होता एक मग. बादलीतलं बाकीचं माझ्या भीतीसाठी होतं. आणि खरं सांगायचं तर फावड्याने बर्फ काढायच्या आळसासाठी. आईचं नाव मी त्या सगळ्यालाच लावलं होतं.

आता दाराशी कान तुटलेला एक मग ठेवलाय. फार थंडी असेल तेव्हा वाळू. पाठ दुखते, ते वेगळं.

आई सांगलीहून व्हिडिओ कॉल करते. या जानेवारीत परत यायचं म्हणतेय.

"मीठ टाकतोस ना रे दारात?"

"टाकतो," मी म्हणतो. किती, ते अजून सांगितलेलं नाही.