देवदर्शन की सहल?

चाळीसगावहून पाटणादेवीला निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत ओटीचं सामान असतं, तशी भाकरी-ठेच्याची शिदोरीही. तिथल्या चंडिकादेवीपुढे नारळ वाढवला की पोरं केदारकुंड धबधब्याची वाट धरतात. मग हे देवदर्शन की सहल?

इथे हा भेद टिकत नाही. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने देवीच्या याच पाटण गावी मठ काढला. १२०७चा शिलालेख त्याची साक्ष देतो. आकाशाचं गणित आणि देवीचं ठाणं एकाच डोंगराच्या कुशीत नांदलं.

याच परिसरातल्या गौताळा अभयारण्यातल्या तलावाकाठी आजी पाण्याला हात जोडते, नात पाण्यावर थरथरणारा चतुर श्वास रोखून पाहते. दोघींची तल्लीनता सारखीच, आणि तीही भक्तीच.

त्याच पाण्यात प्लास्टिक भिरकावणारा मात्र भक्त नव्हे, कितीही नारळ वाढवो. शिदोरीची पिशवी परतताना कचऱ्यासाठी वापरा.