डाग कोणाचा?

शनी म्हटला की आपल्या समाजात प्रथम साडेसाती आठवते. पदरी आलेल्या दुःखाचे गाठोडे शनिमहाराजांच्या माथ्यावर ठेवून आपण मोकळे होतो. परंतु दुर्बिणीतून दिसणाऱ्या त्या वलयांकित ग्रहाच्या परिवारातच दोषारोपाचा एक बोधप्रद प्रश्न उभा आहे. त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

इ. स. १६७१ मध्ये कॅसिनी या ज्योतिर्विदाने शनीचा आयापेटस हा चंद्र शोधला. तो शनीच्या पश्चिमेस असता दिसे, पूर्वेस गेला की दिसेनासा होई. त्याची एक बाजू काळी असली पाहिजे, हे कॅसिनीने ताडले आणि ते खरे ठरले. एक बाजू बर्फासारखी शुभ्र, दुसरी कोळशासारखी काळी.

हा काळिमा आला कोठून? शनीपासून सुमारे १ कोटी २९ लक्ष किलोमीटरांवर, आयापेटसच्याही पुष्कळ पलीकडे, फीबी नावाचा एक ओबडधोबड चंद्र फिरतो. १८९९ साली पिकरिंग यांनी छायाचित्रांच्या काचा तपासून तो शोधला. त्याचा व्यास अवघा २१३ किलोमीटर, आणि गती शनीच्या सर्व मोठ्या चंद्रांच्या उलट. तो बाहेरून येऊन शनीच्या आकर्षणात अडकला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याच्यावरून उडालेल्या धुळीचे विरळ परंतु प्रचंड कडे २००९ साली स्पिट्झर दुर्बिणीस आढळले. ती धूळ हळूहळू आत सरकते. आयापेटस सदैव एकच तोंड पुढे करून चालतो. समोरून येणारी धूळ त्याच तोंडावर बसते, असे मानले जाते.

म्हणजे आयापेटस निर्दोष, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट येथे संपत नाही. काळवंडलेला भाग ऊन अधिक शोषतो व तापतो. तेथील बर्फाची वाफ होऊन ती थंड, शुभ्र भागावर जाऊन गोठते. त्यामुळे काळे अधिक काळे होते व पांढरे अधिक पांढरे. प्रारंभ परक्याच्या धुळीने झाला, वाढ मात्र स्वतःच्या तापाने.

जड गोलांस पापपुण्य नाही. आम्हांस आहे. काही वर्षांपूर्वी सभामंडपात बसून आम्ही एका कुटुंबाविषयी सहज एक वाक्य बोलून गेलो आणि विसरलो. ते वाक्य फिरत फिरत त्या घरी पोहोचले. ती माणसे दुखावली, अबोल झाली, उत्सवास येईनाशी झाली. तेव्हा ‘माणसेच तुसडी’ असा शेराही आम्हीच मारला. त्यांच्या अबोल्याने दुरावा वाढला हे खरे. परंतु पहिली धूळ आमची होती. मग प्रथम पाऊल कोणी उचलावे?

फीबीला आपली वाट बदलता येत नाही. आम्हांस येते. त्या घराची पायरी चढणे आमच्याकडून अद्याप राहिले आहे. येत्या उत्सवाचे आमंत्रण घेऊन आम्ही स्वतः तेथे जाणार आहोत. वाचकांनीही आपापल्या मनाशी असा हिशेब एकदा करून पाहावा, ही विनंती.