हसू, आसू आणि शेजारचे आसन

लहान मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्या आणि कोणत्या सांगू नयेत, हा प्रश्न आजचा नाही. नगररक्षकांच्या शिक्षणाचा आरंभ कोठून करावा याचा विचार करताना प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात प्रथम हात घातला तो आयांनी आणि दायांनी मुलांना सांगावयाच्या गोष्टींना. कोवळ्या मनावर जो ठसा उमटतो तो पुढे पुसला जात नाही, म्हणून त्या गोष्टी पारखून घ्याव्या, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडे विष्णुशर्म्याने हाच प्रश्न निराळ्या अंगाने सोडविला. मंदबुद्धी राजपुत्रांपुढे त्याने कोल्हे, कावळे, उंदीर व कासवे आणून बसविली, आणि त्यांच्या तोंडून विश्वासघात, मैत्री, भीती व मृत्यू या साऱ्यांची ओळख करून दिली. प्लेटो गाळून देतो. विष्णुशर्मा सर्व काही देतो, परंतु स्वतः समोर बसून देतो. आज आपल्या घरांत हेच प्राणी पडद्यावर नाचत आहेत आणि विष्णुशर्म्याचे आसन मात्र रिकामे आहे. म्हणून मुलांबरोबर पाहण्याजोगी जुनी कार्टून-चित्रे कोणती, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

या बाबतीत आईबापांच्या मनात दोन भये असतात. एक मारामारीचे आणि दुसरे रडण्याचे. मांजराने उंदरामागे हातोडा घेऊन धावावे हे पाहून मूल दांडगट होईल, असे आपण म्हणतो. पण ते खदखदून हसत असते, म्हणून चालू देतो. उलट एखाद्या चित्रात पाडसाची आई मेली आणि मुलाचे ओठ थरथरू लागले की, आपण झटकन यंत्र बंद करतो. हसू म्हणजे निरोगी आणि आसू म्हणजे अपायकारक, ही आपली अलिखित नियमावली. ती कितपत खरी आहे?

प्रथम हसू घेऊ. 'टॉम अँड जेरी' हे नाव ठाऊक नाही असे मूल आज विरळा. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी 1940 मध्ये ही जोडी प्रथम पडद्यावर आणली आणि 1958 पर्यंत तिच्यावर 114 लघुपट काढले. त्यांतील सात लघुपटांना ऑस्कर पारितोषिके मिळाली. ही चित्रे मूळची केवळ मुलांकरिता नव्हती. मुख्य चित्रपटापूर्वी चित्रगृहात जमलेल्या थोरामोठ्यांना सातेक मिनिटे हसविण्याकरिता ती काढलेली होती. त्यांत टॉम चेपून पोळीसारखा चपटा होतो, त्याचे दात काचेसारखे खळकन गळून पडतात, आणि पुढल्याच क्षणी तो जसाच्या तसा उभा राहतो. येथे जखमेला वेदना नाही आणि पडण्याला परिणाम नाही.

हे वाईट आहे असे मला वाटत नाही. आपल्या घरांतील मुलांचे पहिले कार्टून म्हणजे चिऊ-काऊची गोष्ट. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो भिजत, कुडकुडत चिऊच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो, आणि चिऊ बाळाची आंघोळ व काजळतीट यांच्या सबबी सांगून त्याला ताटकळत ठेवते. दारात आलेल्या भिजल्या शेजाऱ्याशी असे वागणे कोणत्याही नीतिशास्त्रात बसणार नाही. तरीही ती ऐकून पिढ्यान्‌ पिढ्या मुले हसली व निर्दय झाली नाहीत. मूल एक अलिखित करार ओळखते. हे 'खोटे-खोटे' आहे, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक चांगले कळते.

परंतु त्या कराराला साक्षीदार लागतो. आजी गोष्ट सांगताना मध्येच म्हणे, "बिचारा काऊ, थंडीने किती गारठला असेल नाही?" त्या एका वाक्याने हसणाऱ्या मुलाला काऊच्या बाजूनेही क्षणभर उभे केले जाई. यंत्राला ते वाक्य बोलता येत नाही. ते शेजारी बसणाऱ्यानेच बोलावे लागते. शिवाय जुने म्हणजे निष्पाप, हाही आपला एक गोड भ्रम आहे. टॉमच्या घरातील कृष्णवर्णीय मोलकरीण आठवा. तिचा चेहरा सहसा दाखवीत नाहीत आणि तिच्या बोलण्याची थट्टा केलेली असते. 1941 च्या 'डंबो'तील कावळ्यांच्या चित्रणातही तोच दोष आहे. त्या काळच्या अमेरिकन समाजाने ज्यांना कमी लेखले, त्यांच्याकडे पाहून हसण्याची सवय त्या चित्रांत मुरलेली आहे. म्हणून ती चित्रे जाळून टाकावी असे नव्हे. मूल पाचसहा वर्षांचे झाले की, "या बाईचा चेहरा का बरे दाखवीत नाहीत?" एवढे आपण विचारावे. नोकराचाकरांचे तोंड न पाहता त्यांना हुकूम सोडणे हा दोष अमेरिकेपुरताच मर्यादित नाही. तो आमच्या वसाहतींतूनही आढळतो, आणि मुले तो पडद्यावरून शिकण्यापूर्वी आपल्याकडून शिकतात.

आता आसू. वॉल्ट डिस्नेचे 'बँबी' 1942 मध्ये निघाले. फेलिक्स साल्टन याच्या 1923 मधील कथेवर ते आधारलेले आहे. त्याची लांबी उण्यापुऱ्या सत्तर मिनिटांची, पण ज्यांनी ते बालपणी पाहिले त्यांच्या स्मरणात बहुधा एकच प्रसंग राहतो. हिवाळा सरत आला आहे, बर्फातून गवताचे पहिले कोंब डोकावत आहेत, आणि आई व पाडस ते खात आहेत. तिला धोक्याची चाहूल लागते. दोघे धावू लागतात. बंदुकीचा आवाज होतो. पाडस झाडीत पोचते आणि मागे वळून पाहते, तो आई नाही. पडत्या बर्फात ते तिला हाका मारीत फिरते, आणि अखेर त्याचा पिता, रानातला तो वृद्ध मृग, त्याला सांगतो की, आता आई तुझ्याजवळ राहू शकणार नाही. शिकारी एकदाही दिसत नाही, रक्ताचा थेंब दिसत नाही, मृत शरीर दिसत नाही. टॉमच्या एका लघुपटात जेवढे आघात आहेत त्यांचा शतांशही येथे नाही. तरी ते पाहून मूल हसते आणि हे पाहून रडते. कारण येथे परिणाम आहे. गेलेली आई पुढल्या चित्रात परत येत नाही.

माझा मुद्दा असा की, आघाताला परिणाम असतो हे मुलाला कोठेतरी कळले पाहिजे, आणि ते आपल्या मांडीवर कळलेले बरे. ज्या मराठी घरांनी 'श्यामची आई' हे पुस्तक निःशंकपणे मुलांच्या हाती दिले, आणि 1953 साली आचार्य अत्र्यांनी काढलेला त्याचा चित्रपट सहकुटुंब पाहिला, त्यांना मुलांच्या अश्रूंचे भय नव्हते. त्या अश्रूंनी कोणी दुबळा झाला नाही. दुसऱ्याच्या दुःखाने आपला गळा दाटतो, हा अनुभव ज्याला बालपणी आला नाही, त्याला तो पुढे व्याख्यानांनी देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हे ठीक. पण चित्र संपल्यावर मूल जे विचारते त्याचे काय? "आई, तूही मरशील का?" या प्रश्नाच्या भीतीनेच आपण यंत्र बंद करीत असतो. रडण्याचे भय मुलाकरिता असते असे आपण म्हणतो. खरे पाहता ते आपल्याकरिता असते. उत्तर आपल्यापाशी नसते, म्हणून प्रश्नच उठू नये अशी आपली खटपट चालते.

येथे कठोपनिषदातील नचिकेत्याचे स्मरण होते. यज्ञात बाप म्हाताऱ्या, भाकड गाई दान देत आहे हे पाहून त्या पोराने विचारले, "बाबा, मला कोणाला देणार?" बाप बोलला नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. तेव्हा बाप संतापून म्हणाला की, तुला मृत्यूला देतो. पोर खरोखरच यमाच्या दारी गेले आणि तेथे तीन रात्री उपाशी बसून राहिले. पुढे जे थोर तत्त्वज्ञान आले ते आपण डोक्यावर घेतो. पण त्याचे मूळ एका बापाच्या टाळाटाळीत व चिडण्यात आहे, हे सहसा ध्यानात घेत नाही. मुलाच्या प्रश्नापासून जो तोंड फिरवितो, तो मुलाला एकट्यालाच यमाच्या दारी धाडतो. "बँबीची आई गावाला गेली आहे" असे सांगणे म्हणजे धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा'सारखे आहे. क्षणापुरते काम भागते, परंतु त्यानंतर जमिनीपासून वर चालणारा आपला रथ मुलाच्या दृष्टीने खाली टेकतो. आई खरोखरीच गावाला जाईल त्या दिवशी ते मूल काय समजेल, याचा विचार करावा. त्यापेक्षा "होय, सगळेच केव्हातरी मरतात, पण मी आत्ता येथे आहे, आणि पुष्कळ वर्षे राहावे अशी माझी इच्छा आहे" हे उत्तर खरे आहे व पुरेसेही आहे. त्याहून अधिक आश्वासन देण्याचा अधिकार कोणत्याच आईबापाला नाही.

'बँबी'ला जोडून पाहावे असे एक चित्र आपल्या देशात निघाले. शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईस कार्टून विभाग सुरू केला, तेव्हा आमच्या कलावंतांना शिकविण्याकरिता क्लेअर वीक्स हे डिस्नेकडील कलावंत आले होते. 'बँबी'च्या निर्मितीत त्यांनी काम केलेले होते. 1957 साली येथे जे चित्र झाले ते 'द बनियन डिअर', म्हणजे जातकातील वटमृगाची कथा. राजाच्या मुदपाकखान्याकरिता दररोज एका हरणाने पाळीने मरावयाचे असते. एके दिवशी गाभण हरिणीवर पाळी येते. तेव्हा वटमृग, ज्याला राजाने अभय दिलेले आहे तो कळपाचा नायक, तिच्या जागी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो. तो त्याग पाहून राजा सर्व प्राण्यांना अभय देतो. 'बँबी' मुलाला सांगते की, मरण आहे. वटमृग त्यापुढची गोष्ट सांगतो: मरण आहे म्हणूनच बलवानाला दुबळ्याकरिता काही करता येते. पहिली गोष्ट ऐकविल्यावाचून दुसरीला अर्थ राहत नाही.

तिसरे चित्र आपणांपैकी बहुतेकांनी दूरदर्शनवर पाहिलेले आहे: 1974 मधील 'एक अनेक और एकता'. भीमसेन यांची चित्रे, वसंत देसाई यांचे संगीत आणि सातेक मिनिटांची लांबी. ते सिद्ध केले विजया मुळे यांनी. मुंबईत जन्मलेल्या, पाटण्यास शिकलेल्या आणि केंद्राच्या शिक्षण खात्यात दीर्घकाळ सेवा केलेल्या या बाईंचे 2019 मध्ये निधन झाले. मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कारण दप्तरी कामातूनही एखादी वस्तू देशाच्या बालपणाचा भाग होऊन राहते, याचा तो पुरावा आहे. चित्र उपदेशपर आहे, तरी ते कंटाळवाणे होत नाही. धाकटा भाऊ 'अनेक' म्हणजे काय असे विचारतो आणि थोरली बहीण त्याला सांगते. उपदेश प्रश्नाच्या पोटी जन्मला की गोड लागतो. आतील गोष्ट पंचतंत्रातील चित्रग्रीवाच्या वळणाची. जाळ्यासकट उडून गेलेले पक्षी मुक्त होतात ते उंदरांच्या दातांनी. येथे शेजारी बसणाऱ्याने मूळ कथेतील एक गोष्ट जोडावी. मित्र उंदीर प्रथम राजाचे बंधन तोडू लागला, तेव्हा चित्रग्रीव म्हणाला की, आधी माझ्या अनुयायांना सोडव. एकीचे बळ हा अर्धा धडा; नायकाने शेवटी सुटावे हा उरलेला अर्धा.

चौथे चित्र चेकोस्लोव्हाकियातले. झ्देनेक मिलेर याने 1957 मध्ये चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या एका भूमिगत प्राण्याला नायक करून मालिका सुरू केली. त्याचे नाव 'क्रतेक'. पहिल्या चित्रात त्याला खिसे असलेली विजार हवी असते. ती बाजारातून येत नाही. अळशीचे रोप वाढवावे लागते, ते भिजवून त्याचा तंतू काढावा लागतो, कोळी सूत कातून देतात, मुंग्या विणतात आणि पक्षी शिवून देतो. एका विजारीमागे किती जणांचे हात आहेत, हे एवढ्या सोज्ज्वळपणे सांगणारे दुसरे चित्र मला ठाऊक नाही. पुढील भागांत तर बोलणे जवळजवळ नाहीच. आपल्या मुलांच्या कानांवर शाळेत हिंदी, शेजारी बंगाली वा तमिळ आणि यंत्रातून इंग्रजी पडते. मुक्या चित्राने सोडलेली जागा आपण आपल्या मराठीने भरावी. जी भाषा आजीच्या गैरहजेरीमुळे घरात उणी झाली आहे, तिला अशी फट फार उपयोगी पडते.

क्रम सांगावयाचा तर क्रतेक अगदी तिसऱ्या वर्षापासून, त्यामागून विजयाबाईंचे चित्र, मग टॉम-जेरी एका वेळी एक-दोनच, आणि 'बँबी' व वटमृग पाच-सहा वर्षांनंतर. फार हळव्या मुलाला त्याहूनही उशिरा. मूल घाबरले तर चित्र थांबवावे, जवळ घ्यावे, आणि पुढे पाहावयाचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. अश्रू हे औषध नव्हे की डोस ठरवून पाजावे.

कचेरीतून थकून आलेल्या माणसाला मुलाच्या हाती यंत्र देऊन घटकाभर डोळे मिटावेसे वाटतात, आणि त्यात पाप नाही. परंतु त्या घटकेतली सात मिनिटे, एका लघुपटाची लांबी, आपण शेजारी बसू शकतो. चांगली चित्रे निवडण्याचे श्रेय कोणी अनोळखी जाणकारही घेऊ शकेल. पाडस हाका मारीत बर्फात फिरते त्या क्षणी मुलाचा हात ज्याच्या हाताचा शोध घेतो, तो हात मात्र दुसरा कोणी पुरवू शकत नाही.