पुढची होडी कोणाची?

नारळी पौर्णिमेस कोळीवाड्यांतून दर्याला नारळ अर्पण होतो आणि कोकणपट्टीत ठिकठिकाणी होड्यांच्या शर्यती लागतात. पनवेल तर जुने बंदर. गाढी नदी इथेच खाडीला मिळते. सज्जनहो, दुसरा मागे पडावा अशी इच्छा धरणे हा मत्सरच नव्हे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

पण आधी होडीत बसून पाहावे. एकानेच दांडगाईने वल्हे ओढले तर होडी पुढे जात नाही, तिरकी होते. केरळात आलप्पुळा येथे १९५२ पासून नेहरूंच्या नावाशी जोडलेली शर्यत होते; तिथे एकेका लांब होडीत शंभराच्या आसपास वल्हेकरी, आणि गाण्याच्या ठेक्यावर सगळी वल्ही एकदम पाण्यात! आपल्या दिंडीत टाळ आणि पाऊल जुळते, तसेच हे.

तर मग मीपण बुडाले म्हणावे? बुडते खरे, पण 'आमची होडी' या नावाने पुन्हा वर येते. (दिंडीच्या मानपानावरून रुसवेफुगवे आपणही पाहिलेच आहेत.)

आम्हांस खूण एकच दिसते. शेजारची होडी उलटली तर तांडेल वल्ही थांबवतो की नाही? खाडीत ओहोटीची ओढ असते, चिखल उघडा पडतो. मासळीला जाणारे एकमेकांच्या भरवशावरच जातात.

थांबणाऱ्याला बक्षीस द्या, असे काहीजण म्हणतील. आम्हांस ते पटत नाही. उद्या लोक बक्षिसावर डोळा ठेवून थांबू लागतील. बक्षीस पुढे गेलेल्यालाच खुशाल द्यावे.