पोच न आल्यावर

नकार कडू असतो, तरी तो उत्तर असतो. 'नाही' असे ऐकणारा मनुष्य काही काळ खिन्न होतो आणि मग दुसऱ्या उद्योगास लागतो. ज्यास काहीच उत्तर येत नाही त्याची स्थिती याहून निराळी. आपला निरोप पोहोचला की नाही, पोहोचून त्याप्रमाणे काही घडले की नाही, की सर्व घडून केवळ कळवावयाचे तेवढे राहिले, यांपैकी काहीच त्यास ठरविता येत नाही. आणि तरीही पुढचे पाऊल टाकणे त्यास भाग असते. अशा वेळी पुन्हा विचारावे काय, विचारल्यास कितीदा, आणि मधल्या काळातील संशयाचा भार कोणी वाहावा, हे प्रश्न नीतीचे आहेत. हल्ली ते अशा एका क्षेत्रात नित्य उपस्थित होतात की जेथे नीतिशास्त्राचे नाव सहसा कोणी काढीत नाही. ते क्षेत्र म्हणजे यंत्रांचे परस्परांशी चालणारे संभाषण.

आपण मोबाइलवरून पैसे पाठवितो किंवा आगगाडीचे तिकीट काढतो, तेव्हा आपल्या हातातील यंत्र दूरच्या यंत्रास ठरावीक भाषेत विनंती करीत असते. अशा विनंत्या कोणत्या रीतीने कराव्यात व त्यांस उत्तरे कोणत्या रीतीने मिळतील, याच्या करारास एपीआय म्हणतात. प्रत्येक प्रोग्रामरने तो करार मुळापासून वाचून सर्व मजकूर स्वतः जुळवावा हे फार कष्टाचे. म्हणून ते काम अंगावर घेणारा तयार प्रोग्राम मिळतो व त्यास क्लायंट लायब्ररी असे नाव आहे. कोर्टात पक्षकाराच्या वतीने वकील बोलतो, तशी ही लायब्ररी आपल्या वतीने बोलते. आणि वकिलाप्रमाणेच तिच्या हातूनही दोन प्रकारचे प्रमाद संभवतात. एक, सांगावयाचे ते नीट न सांगणे. दुसरा, मिळालेले उत्तर अशिलास जसेच्या तसे न कळविणे.

पहिल्या प्रकारचे बिघाड फारसे गहन नसतात. दूरच्या यंत्राकडून येणाऱ्या उत्तरावर एक तीन आकडी संख्या असते, आणि तिचा पहिला अंक दोष कोणाचा ते सांगतो. चाराने सुरू होणारी संख्या आली तर चूक विचारणाऱ्याची. पाचाने सुरू होणारी आली तर उत्तर देणाऱ्याची. ४०१ म्हणजे तू कोण ते पटले नाही. ४०३ म्हणजे ही गोष्ट करण्याचा तुला अधिकार नाही. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे सापडत नाही. ५०३ म्हणजे सध्या आमचेच काम खोळंबले आहे. ४२९ ही संख्या २०१२ मध्ये या मालिकेत रीतसर दाखल झाली. तिचा अर्थ, तू फार वेळा विचारीत आहेस. ४०१ आल्याबरोबर नवखा प्रोग्रामर दूरच्या यंत्रास दूषणे देऊ लागतो. अनुभवी मनुष्य प्रथम आपल्या हातातील गुप्त किल्ली तपासतो. नक्कल करताना त्या किल्लीच्या शेवटी एखादी कोरी जागा चिकटलेली असते. चाचणीसाठी दिलेली किल्ली खऱ्या दारास लावलेली असते. क्वचित आपल्या यंत्राचे घड्याळच काही मिनिटे मागे पडलेले असते, आणि त्यामुळे मुदतीची सही अग्राह्य ठरते. कधी करार बदललेला असतो आणि लायब्ररी मात्र जुन्या करारावरच बोलत राहते. ५०३ आल्यावर याच्या उलट वागावे लागते. तेथे आपलाच मजकूर पुन्हा पुन्हा खोडून लिहिणाऱ्याचा दिवस व्यर्थ जातो. सदैव दुसऱ्यास दोष देणारा आणि सदैव स्वतःस कोसणारा, हे दोघेही एकाच आळसाचे धनी होत; कारण उत्तर वाचण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

परंतु खरी कसोटी लागते ती कोणतीच संख्या न आल्यावर. ठरलेली मुदत संपते, आणि पलीकडे शांतता असते. विनंती वाटेतच हरवली असेल. पलीकडे काम अद्याप चालू असेल. किंवा काम पुरे होऊन परतीचे उत्तर तेवढे हरवले असेल. विचारणाऱ्याच्या जागेवरून या तिन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. ही अडचण अधिक चांगल्या यंत्रांनी मुळासकट नाहीशी होईल असेही नाही. जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये ती दोन सेनापतींच्या दृष्टांताने मांडली होती. दोन डोंगरांवरील दोन सेनापतींनी एकाच वेळी हल्ला करावयाचा आहे, आणि मधल्या खोऱ्यात जासूद पकडला जाण्याचे भय आहे. एकाने निरोप धाडला तर त्याची पोच हवी. पोच पोहोचली याचीही पोच हवी. आणि ही साखळी कितीही लांबविली तरी शेवटचा निरोप धाडणारा संशयातच राहतो. सारांश, काही प्रमाणात अज्ञान हे दुरून बोलणाऱ्या सर्वांच्या वाट्यास आलेले आहे. प्रश्न उरतो तो त्या अज्ञानात वागावे कसे हा.

आपल्या वाडवडिलांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. मुंबईच्या गिरणीत काम करणारा कोकणातील चाकरमानी घरी मनीऑर्डर करी, तेव्हा आईच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच परत येईपर्यंत त्याचा जीव टांगलेला राही. पोच न आली तर तो दुसरे पैसे पाठवीत नसे. पोस्टाने दिलेली पावती घेऊन तो खिडकीशी जाई आणि त्या पावतीवरील क्रमांकाची चौकशी करी. त्या क्रमांकामुळे 'पुन्हा पाठव' आणि 'पाठविलेल्याचे काय झाले ते सांग' या दोन गोष्टी वेगळ्या राहत. आजच्या चांगल्या लायब्ररीतही हीच युक्ती आहे. ती प्रत्येक महत्त्वाच्या विनंतीस एक स्वतंत्र क्रमांक देते आणि उत्तर न आल्यास तोच क्रमांक घालून तीच विनंती पुन्हा करते. पलीकडच्या यंत्राने तो क्रमांक पूर्वी पाहिला असेल तर ते काम दुसऱ्यांदा न करता पहिल्याच कामाचा निकाल कळविते. वारंवार मागूनही कृत्य एकदाच घडावे, इतकीच ही खबरदारी. ती न घेता केवळ चिकाटीच्या जोरावर पुनःपुन्हा हाका मारणारी लायब्ररी एका बिलाचे पैसे दोनदा देऊन मोकळी होते.

हा प्रश्न पुस्तकी वाटत असेल तर भाईंदर स्टेशनबाहेरचा सायंकाळचा बाजार डोळ्यांपुढे आणावा. उत्तनच्या किनाऱ्यावरची मासळी घेऊन कोळीण बसलेली आहे. टोपलीशेजारी पैसे घेण्यासाठी छापील चौकोन आहे, आणि रक्कम जमा होताच ती मोठ्याने सांगणारी एक लहानशी पेटी आहे. लोकलमधून उतरलेला गिऱ्हाईक पैसे पाठवितो. त्याच्या खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश येतो. पेटी मात्र गप्प. "दादा, पेटी बोलली नाय अजून," ती म्हणते. दोघेही प्रामाणिक आहेत, आणि दोघांपैकी एकासही सत्य ठाऊक नाही. गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे द्यावेत तर त्यास दुप्पट भुर्दंड पडण्याचे भय. तसेच जाऊ द्यावे तर कोळिणीचा दिवस बुडण्याचे भय.

या व्यवहारामागची यूपीआय नामक व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली, आणि ती चालविणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचे मुख्य कार्यालय येथून फार दूर नाही. ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अशा अर्धवट व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम घालून दिला. एका खात्यातून रक्कम गेली आणि दुसऱ्या खात्यात पडली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत झाली पाहिजे; व्यापाऱ्यास द्यावयाच्या रकमेस पाच दिवसांची मुदत आहे; आणि विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. संशयाचा भार ज्यास तो पेलवेल त्याने वाहावा, हे तत्त्व या नियमात आहे आणि ते न्याय्य आहे. तथापि त्याने रक्षण होते ते पैसे देणाऱ्याचे. मासळी पाच दिवस थांबत नाही. कोळिणीस हवी असते ती जलद व खरी पोच.

जलद पोच हवी म्हणून सारखे विचारीत राहावे काय? याचे उत्तर १२ एप्रिल २०२५ रोजी मिळाले. त्या दिवशी यूपीआयचे व्यवहार देशभर काही तास अडखळले. चौकशीअंती कारण निघाले ते असे की, काही बँकांच्या यंत्रांनी 'त्या व्यवहाराचे काय झाले?' या प्रश्नांचा पूर लोटला होता, आणि त्यांत जुन्या व्यवहारांविषयीचेही प्रश्न होते. कोणी पैसे लुबाडीत नव्हता, कोणी मोडतोड करीत नव्हता. सर्वजण नुसते विचारीत होते. एकट्याचा प्रश्न निरुपद्रवी असतो. परंतु उत्तर न मिळालेल्या प्रत्येकाने तत्काळ पुन्हा विचारले म्हणजे उत्तर देणाऱ्यास उत्तर देण्यास सवडच उरत नाही, आणि जी शांतता मोडावयाची तीच अधिक गाढ होते. पुढे असा दंडक आला की, एका व्यवहाराची स्थिती दोन तासांत तीनदाच विचारावी, आणि पहिल्यांदा विचारण्यापूर्वीही काही काळ थांबावे. लायब्ररी लिहिणाऱ्यांस ही शिस्त पूर्वीपासून ठाऊक आहे. पहिल्यांदा एक सेकंद थांबावे, मग दोन, मग चार, मग आठ. आणि त्यातही थोडी अनियमितता ठेवावी, म्हणजे हजारो यंत्रे एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, ही सारी कारागिरी झाली; यंत्रास नीती कसली? यंत्रास नसेल, परंतु किती वेळ थांबावे, कितीदा विचारावे आणि अखेर काय सांगावे हे ठरविणारा मनुष्यच असतो, आणि तो हे ज्यांच्या वतीने ठरवितो त्यांची त्यास कधी भेटही होत नाही. त्याचा मोठा मोह पुनरुक्तीचा नसतो. गोड बोलण्याचा असतो. काही लायब्ऱ्या बिघाड आला की तो गिळून टाकतात आणि अशिलाच्या हाती कोरी यादी ठेवतात. 'कळले नाही' असे सांगावयाच्या ठिकाणी त्या 'काही नाही' असे सांगतात. वरून हे वर्तन सभ्य दिसते, काम थांबत नाही, कोणाची झोप मोडत नाही. पण रोग्याची नाडी सापडत नसताना ती नीट चालली आहे असे सांगणारा वैद्य आणि अशी लायब्ररी यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. स्पष्ट बिघाड त्याच दिवशी दुरुस्त होतो. झाकलेला बिघाड महिन्या-दोन महिन्यांनी हिशेब जुळेनासा झाला म्हणजे उघडकीस येतो, आणि तोपर्यंत त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजलेली असते.

म्हणून भाईंदरच्या त्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर अशा वेळी कोणते शब्द उमटावेत याचा विचार क्षुल्लक मानू नये. 'झाले' म्हणणे खोटे, 'झाले नाही' म्हणणेही खोटे. 'अद्याप कळलेले नाही, पुन्हा पैसे पाठवू नका, हा क्रमांक, अमुक वेळेनंतर येथे पाहा', एवढे म्हटले म्हणजे त्या दोघांपुढील अंधार नाहीसा होत नाही, पण त्यात चाचपडावे कोठे ते कळते. तो क्रमांक कोळिणीस दाखवून, किंवा ओळखीचा असल्यास उद्याचा वायदा करून, गिऱ्हाईक घरी जाऊ शकतो. आणि तिलाही कोणावर किती विश्वास टाकावा हे स्वतः ठरविता येते. आपल्या अज्ञानाची खरी बातमी मिळणे हा दोघांचाही हक्क आहे, आणि ती बातमी देण्याचे काम त्या दोघांनीही कधी न पाहिलेल्या एका प्रोग्रामरकडे आहे.