भयाची परीक्षा

निवडणुकीच्या दिवसांत तरुण हिंसेस का प्रवृत्त होतात, या प्रश्नास ‘तारुण्याचा उन्माद’ हे उत्तर बहुधा दिले जाते. आम्हांस ते अपुरे वाटते. हात उगारणारा तरुण स्वतःस आक्रमक समजत नाही. आपले काही हिरावले जाणार आहे व आपण त्याचे रक्षण करीत आहो, अशीच त्याची समजूत असते. तेव्हा प्रश्न उन्मादाचा नसून भयाचा आहे. आणि भयापोटी घडलेले कृत्य क्षम्य ठरते काय, हा त्यातील नीतीचा भाग होय.

१९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात या प्रश्नाचा कस लागतो. तेथे माओवाद्यांनी अनेक निवडणुकांवर बहिष्कार पुकारला. १३ ऑक्टोबर २००९ रोजी विधानसभेचे मतदान व्हावयाचे होते. ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीनजीक सतरा पोलीस मारले गेले. दलमांत कोवळ्या वयाची मुलेमुलीही होती. जल, जंगल, जमीन जाणार आणि निवडणूक हा त्या लुटीचाच सोहळा, ही शिकवण त्यांस मिळाली होती.

ते भय सर्वस्वी कल्पित होते, असे आम्ही म्हणणार नाही. रानावर जगणाऱ्या आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे २००६ च्या वनहक्क कायद्यानेच मान्य केले आहे. परंतु त्याच भयास त्याच जिल्ह्यात दुसरी वाटही सापडली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालविले, सर्वानुमते निर्णय घेण्याची रीत पाळली, आणि सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क कायद्याने मिळविला. तोही त्याच २००९ साली.

भय एकच, मग फळे भिन्न का? गावात ते चारचौघांत मांडले गेले व त्यास पुरावा विचारला गेला. दलमात ते आज्ञेसारखे वरून उतरले. तेथे शंका घेणे हाच द्रोह ठरला. आमच्या मते, भय वाटणे हा दोष नाही. ते न तपासता हात उगारणे हा दोष होय, आणि तपासण्याची मुभाच न देणे हा त्याहून मोठा. पलीकडचे निवडून आले तर आपली जात बुडेल, धर्म बुडेल, असे सभेत सांगून विशीतील पोरांस रस्त्यावर धाडणारे पुढारीही याच न्यायाने दोषी ठरतात. त्यांनी पेरलेले भय असल्या ग्रामसभेत बहुधा एक दुपारही टिकले नसते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. महाराष्ट्रात ते सर्वाधिक होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा माओवादी नेता सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. शस्त्रे खाली ठेविली गेली, हे उत्तम झाले. परंतु रानाविषयीची चिंता शरण आलेली नाही. तरुणांस अठराव्या वर्षी मत मिळते. ती चिंता उघड बोलण्याची जागाही त्यांस मिळाली पाहिजे. ग्रामसभेत ती न मिळाल्यास दुसरा कोणी देऊ करील, आणि तो पुरावा मागणार नाही.